हृदयधमनीतील अडथळा : घाई कुठे, सबुरी कुठे?

‘ब्लॉकेज’ हा शब्द आता मराठी घरांत इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्द शोधण्याची कोणास गरज वाटत नाही. अँजिओग्राफीचा अहवाल हाती येतो, त्यात सत्तर किंवा ऐंशी टक्के असा आकडा असतो आणि पुढील काही तासांत, कित्येकदा काही मिनिटांत, कुटुंबाला ठरवावे लागते : स्टेंट बसवायचा की नाही? भीती, खर्च आणि रुग्णाविषयीची माया यांच्या ओढाताणीत हा निर्णय घेतला जातो.

गेल्या चार दशकांतील वैद्यकीय संशोधनाच्या प्रकाशात या निर्णयाकडे पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा या एकाच नावाखाली दोन निरनिराळे प्रसंग येतात. एकात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. दुसऱ्यात विचार करण्यास, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास आणि औषधांना संधी देण्यास पुरेसा अवधी असतो. या दोहोंची गल्लत झाली की जिथे धावायला हवे तिथे माणसे थांबतात आणि जिथे थांबण्यास हरकत नसते तिथे धावतात. हा फरक कोणत्या अभ्यासांतून सिद्ध झाला, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्याकडील रुग्णाने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

एक रक्तवाहिनी, दोन प्रसंग

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे मेदाचा थर साचत जातो. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे होत. हा थर हळूहळू वाढून रक्तवाहिनी अरुंद झाली की चढण चढताना, जिना चढताना किंवा जड ओझे उचलताना छातीत आवळल्यासारखे वाटते आणि विश्रांती घेतली की ते थांबते. यास ‘स्थिर हृदयशूल’ म्हणतात. रक्तप्रवाह कमी झालेला असतो, बंद पडलेला नसतो.

हृदयविकाराचा झटका याहून वेगळ्या रीतीने येतो. मेदाच्या थरावरील पातळ पापुद्रा अकस्मात फाटतो, आतील द्रव्याचा रक्ताशी संपर्क येतो आणि त्या जागी काही मिनिटांत गुठळी जमते. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली तर तिच्या पलीकडील स्नायू मरू लागतो.

येथे एक बाब सर्वसामान्य समजुतीला छेद देणारी आहे. झटका नेहमी सर्वांत अरुंद जागीच येतो असे नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉ. विल्यम लिटल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांच्या झटक्यापूर्वीच्या आणि नंतरच्या अँजिओग्राफी ताडून पाहिल्या. त्यांपैकी १९ जणांत पुढे बंद पडलेली रक्तवाहिनी आधीच्या चित्रात पन्नास टक्क्यांहूनही कमी अरुंद होती. अभ्यास लहान होता. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न मोठा होता. फार अरुंद झालेली जागा एकेकटी पाहता अधिक धोक्याची असते हे खरे. पण कमी अरुंद जागा संख्येने कितीतरी अधिक असतात. त्यांतील कोणती फाटेल हे आधी सांगणे कठीण. स्टेंट एका जागी बसतो. आजार मात्र साऱ्या रक्तवाहिन्यांत पसरलेला असतो. पुढील अनेक चाचण्यांचे निष्कर्ष समजून घेण्यास एवढे सूत्र पुरेसे आहे.

झटक्यात मिनिटांचा हिशेब

झटक्याच्या उपचाराला खरे वळण मिळाले ते १९८० च्या दशकात. इटलीतील ‘जिसी’ या चाचणीत अकरा हजारांहून अधिक रुग्णांचे दोन गट केले गेले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता ठरवले गेले. एका गटाला गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध शिरेतून दिले, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकवीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. वेळेनुसार केलेली विभागणी त्याहून बोलकी होती. दुखू लागल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. सहा तासांनंतर औषध दिलेल्यांत लाभ दिसेनासा झाला.

दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, ऑक्सफर्डहून चालवलेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीचे निष्कर्ष आले. सोळा देशांतील ४१७ रुग्णालयांत १७,१८७ रुग्ण त्यात सहभागी होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन या दोन्ही औषधांनी स्वतंत्रपणे मृत्यू कमी केले आणि एकत्र दिल्यावर सर्वांत अधिक. दोन्ही औषधे मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू ८ टक्के होते. दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. काही पैशांत मिळणाऱ्या गोळीचे हे सामर्थ्य जगाला प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसले.

याच चाचणीतील एक किस्सा संशोधनाचे निष्कर्ष कसे वाचावेत हे शिकवणारा आहे. नियतकालिकाच्या संपादकांनी वय, लिंग इत्यादी उपगटांचे वेगवेगळे विश्लेषण मागितले. संशोधकांनी ते दिले, पण सोबत रुग्णांच्या जन्मराशींनुसार केलेली विभागणीही जोडली. पाश्चात्त्य पद्धतीने मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ होत नाही, असे त्या कोष्टकात ‘दिसत’ होते! आकडे पुरेसे बारीक कापले तर योगायोगाने काहीही सिद्ध करता येते, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. एखाद्या चाचणीतील छोट्या उपगटाच्या आधारे मोठा दावा केला गेला, तर हे कोष्टक आठवावे.

गुठळी औषधाने विरघळवण्याऐवजी तिथवर नळी नेऊन फुग्याने रक्तवाहिनी उघडणे अधिक परिणामकारक आहे का, हा त्यानंतरचा प्रश्न. पहिली हृदयधमनी अँजिओप्लास्टी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिख येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केली होती. १९८६ मध्ये मानवी हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला. झटक्याच्या वेळी केलेल्या अँजिओप्लास्टीची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाशी तुलना करणाऱ्या २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. ७,७३९ रुग्णांच्या या आढाव्यात अल्पकाळातील मृत्यू औषधाच्या गटात सुमारे ९ टक्के, तर अँजिओप्लास्टीच्या गटात सुमारे ७ टक्के होते.

मात्र अँजिओप्लास्टीचे हे श्रेष्ठत्व ती वेळेत झाली तरच टिकते. कॅथ लॅब प्रत्येक तालुक्यात नसते. म्हणून २०१३ मधील ‘स्ट्रीम’ ही चाचणी आपल्यासारख्या प्रदेशांना विशेष महत्त्वाची. लक्षणे सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेल्या, परंतु एका तासात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या १,८९२ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात नेले गेले. दोन्ही गटांचे तीस दिवसांतील निष्कर्ष जवळपास सारखेच आले. इंजेक्शनच्या गटात मेंदूतील रक्तस्रावाचा धोका किंचित अधिक होता आणि त्यासाठी वृद्धांत औषधाची मात्रा निम्मी करावी लागली, हेही नमूद करायला हवे. आजची मार्गदर्शक तत्त्वे याच आधारावर उभी आहेत : निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर थेट तीच, नसेल तर आहे तिथेच इंजेक्शन आणि नंतर पुढे रवानगी.

झटक्याच्या रुग्णात बंद पडलेल्या वाहिनीखेरीज अन्य वाहिन्याही अरुंद असतील तर काय करावे, याचे उत्तर २०१९ च्या ‘कम्प्लीट’ चाचणीने दिले. ४,०४१ रुग्णांपैकी ज्यांच्या इतर लक्षणीय अडथळ्यांवरही नंतर स्टेंट बसवले गेले, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे प्रमाण ७.८ टक्के राहिले, इतरांत १०.५ टक्के. झटक्याच्या संदर्भात स्टेंटची बाजू भक्कम आहे, याविषयी शंका नको.

स्थिर आजारात स्टेंट काय देतो, काय देत नाही

ज्याला झटका आलेला नाही, ज्याचे दुखणे श्रमानेच उद्भवते किंवा ज्याला कोणताच त्रास नसून तपासणीतच अडथळा सापडला, अशा रुग्णाचे काय? अरुंद जागा मोकळी केली तर पुढचा झटका टळेल, ही कल्पना इतकी सरळ होती की ती तपासून पाहण्याची गरज अनेकांना वाटली नाही.

ती तपासली ‘करेज’ या चाचणीने. अमेरिका व कॅनडातील २,२८७ रुग्णांना उत्तम औषधोपचार दिले गेले आणि त्यांपैकी निम्म्यांची अँजिओप्लास्टीही झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : साडेचार वर्षांच्या सुमारास मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात १८.५ टक्के. फरक नगण्य. औषधांच्या गटातील सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे त्रास वाढल्याने रक्तवाहिनी मोकळी करून घ्यावी लागली, उरलेल्यांना नाही.

तरीही आक्षेप राहिलाच. स्टेंटमुळे आयुष्य वाढत नसेल, पण छातीतील दुखणे तरी थांबते ना? या प्रश्नाला वैद्यकाच्या इतिहासातील एका जुन्या प्रकरणाची पार्श्वभूमी आहे. गेल्या शतकाच्या मध्यास हृदयशूलासाठी छातीतील एक रक्तवाहिनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय होती आणि बहुसंख्य रुग्ण आराम पडल्याचे सांगत. १९५९ मध्ये अमेरिकेतील डॉ. लिओनार्ड कॉब यांनी सतरा रुग्णांपैकी काहींची ही शस्त्रक्रिया केली आणि इतरांच्या त्वचेवर केवळ छेद दिला. आराम दोन्ही गटांना पडला! ती शस्त्रक्रिया लवकरच कालबाह्य झाली. उपचार झाला या विश्वासानेच माणसाला बरे वाटू शकते आणि जितका उपचार मोठा तितका हा विश्वासही मोठा.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील डॉ. रशा अल-लामी यांनी हीच कसोटी स्टेंटला लावली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत एकाच रक्तवाहिनीत तीव्र अडथळा असलेल्या २०० रुग्णांना सहा आठवडे भरपूर औषधे देऊन मग कॅथ लॅबमध्ये नेले गेले. कानांना हेडफोन, गुंगीचे औषध. निम्म्यांना स्टेंट बसला, निम्म्यांना केवळ बसवल्याचा आभास. सहा आठवड्यांनंतर पट्ट्यावर चालण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांतील फरक जेमतेम सतरा सेकंदांचा होता आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो ग्राह्य ठरला नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या जगात त्यावरून मोठा वाद झाला. चाचणी लहान आहे, रुग्णांना आधीच भरपूर औषधे दिल्याने त्रास फारसा उरला नव्हता, असे टीकाकार म्हणाले.

या टीकेला त्याच संशोधकांनी दुसऱ्या चाचणीने उत्तर दिले. २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’मध्ये ३०१ रुग्णांची हृदयशूलाची औषधे आधी थांबवली गेली. बारा आठवड्यांनंतर स्टेंट बसलेल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण हृदयशूलापासून मुक्त होते; आभासी उपचाराच्या गटात सुमारे १५ टक्के. म्हणजे स्टेंटमुळे दुखणे खरोखरच कमी होते, तो केवळ मनाचा खेळ नव्हे. पण त्याचबरोबर साठ टक्के रुग्णांना स्टेंटनंतरही काही ना काही त्रास उरला, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

‘इस्केमिया’चा कौल

या विषयावरील सर्वांत मोठी चाचणी म्हणजे अमेरिकी शासनाच्या निधीतून झालेली ‘इस्केमिया’. भारतासह ३७ देशांतील ३२० केंद्रे आणि ५,१७९ रुग्ण. ताणचाचणीत ज्यांच्या हृदयाला मध्यम ते तीव्र प्रमाणात रक्त कमी पडते असे दिसले, असेच रुग्ण निवडले होते. म्हणजे ज्यांना कोणताही डॉक्टर ‘लगेच अँजिओग्राफी करा’ असे म्हणाला असता, असे. एका गटाची सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्याला प्रथम औषधे आणि त्यांनी भागले नाही तरच पुढचे पाऊल.

२०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सव्वातीन वर्षांच्या सुमारास पहिल्या गटात १४५ आणि दुसऱ्या गटात १४४ मृत्यू झाले होते. मृत्यू, झटका आणि अन्य गंभीर घटना एकत्र मोजल्या तर पहिल्या सहा महिन्यांत उपचारांशी निगडित झटक्यांमुळे शस्त्रक्रियेचा गट मागे होता (५.३ टक्के विरुद्ध ३.४ टक्के), पाच वर्षांनंतर तो किंचित पुढे गेला (१६.४ टक्के विरुद्ध १८.२ टक्के). औषधांच्या गटातील सुमारे एक पंचमांश रुग्णांनाच चार वर्षांत स्टेंट किंवा बायपासची गरज भासली. ज्यांना रोज किंवा आठवड्यातून अनेकदा हृदयशूल होत असे, त्यांना मात्र शस्त्रक्रियेच्या मार्गाने स्पष्ट आराम मिळाला : वर्षभरानंतर त्यांच्यातील निम्मे वेदनामुक्त झाले, औषधांच्या गटात असे सुमारे वीस टक्केच होते. ज्यांना मुळात त्रासच नव्हता, त्यांना जगण्याच्या गुणवत्तेत काही लाभ दिसला नाही.

२०२२ मध्ये याच रुग्णांचा सात वर्षांपर्यंतचा हिशेब आला. एकूण मृत्यू १२.७ आणि १३.४ टक्के, म्हणजे पुन्हा जवळपास समान. शस्त्रक्रियेच्या गटात हृदयविकाराने झालेले मृत्यू थोडे कमी आणि इतर कारणांनी झालेले थोडे अधिक होते.

थोडक्यात, स्थिर आजारात स्टेंट हा प्रामुख्याने वेदना कमी करणारा उपचार आहे. ‘टाइम बॉम्ब’ निकामी करण्याचे ते साधन नव्हे. ‘आज रात्रीच निर्णय घ्या’ असे म्हणण्यास या श्रेणीतील रुग्णाच्या बाबतीत आधार नाही.

निष्कर्षांच्या मर्यादा

वरील निष्कर्ष सरसकट सर्वांना लावणे धोक्याचे ठरेल. ‘इस्केमिया’मध्ये डाव्या मुख्य रक्तवाहिनीत पन्नास टक्के वा अधिक अडथळा असलेले, हृदयाची आकुंचनक्षमता फार घटलेले, नुकताच झटका आलेले किंवा औषधांनीही असह्य वेदना होणारे रुग्ण घेतलेलेच नव्हते. डाव्या मुख्य वाहिनीतील गंभीर अडथळा हा आजही शस्त्रक्रियेचाच विषय आहे.

कमकुवत हृदयाच्या रुग्णांविषयी दोन चाचण्यांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. ‘स्टिच’ या चाचणीत १,२१२ रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला. औषधांच्या जोडीला बायपास झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ५८.९ टक्के आणि केवळ औषधे घेतलेल्यांत ६६.१ टक्के होते. म्हणजे बायपासने आयुष्य वाढवले. तशाच रुग्णांत स्टेंटचा उपयोग तपासणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिव्हाइव्ड’ चाचणीत (२०२२, ७०० रुग्ण) मात्र असा लाभ आढळला नाही. बायपास आणि स्टेंट यांना एकमेकांचे पर्याय मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. हे आकडे सावध करतात.

विज्ञान येथेच थांबलेले नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिव्हेंट’ चाचणीत दक्षिण कोरियातील संशोधकांनी १,६०६ रुग्णांमध्ये, रक्तप्रवाह अडवत नसलेले पण फाटण्याची शक्यता असलेले मेदाचे थर आतून तपासून हेरले आणि निम्म्यांत तिथे आधीच स्टेंट बसवले. दोन वर्षांतील गंभीर घटना ३.४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आल्या. निष्कर्ष लक्षवेधी असला तरी मोजलेल्या घटनांत रुग्णालयात भरती होण्याचाही समावेश होता. एका चाचणीवरून सर्वांवर स्टेंट बसवत सुटणे शहाणपणाचे नाही. पण प्रश्न खुला झाला आहे.

‘केवळ औषधे’ म्हणजे काय

‘डॉक्टरांनी काही केले नाही, नुसती औषधे दिली’ असे आपण सहज म्हणतो. परंतु वरील प्रत्येक चाचणीत ज्या औषधोपचाराने स्टेंटची बरोबरी केली, तो काटेकोर होता. त्यात कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण, तंबाखूचा त्याग आणि नियमित चालणे यांचा समावेश होता.

स्टॅटिनचे मोल १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीने प्रथम निर्विवाद सिद्ध केले. पाच-साडेपाच वर्षांत साध्या गोळ्या घेणाऱ्या गटात २५६ आणि सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२ मृत्यू झाले. पुढील अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले की घातक कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने घटले तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. ही औषधे साऱ्या रक्तवाहिन्यांतील मेदाच्या थरावर काम करतात, स्टेंटसारखी एका जागी नव्हे.

अडचण असते ती औषधे वर्षानुवर्षे घेण्याची. बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात. यावर तोडगा म्हणून ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाचे औषध एकाच गोळीत देण्याची कल्पना पुढे आली. युरोपातील सात देशांत झालेल्या ‘सिक्युअर’ चाचणीत (२०२२) झटका येऊन गेलेल्या २,४९९ वयस्क रुग्णांपैकी एकत्रित गोळी घेणाऱ्यांत गंभीर घटना ९.५ टक्के आणि वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्यांत १२.७ टक्के होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशा एकत्रित गोळीचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

जुन्या औषधांचीही फेरतपासणी चालू आहे. झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर जन्मभर घ्यावे, हा दीर्घकाळचा दंडक. २०२४ मधील ‘रिड्यूस-एएमआय’ (५,०२० रुग्ण) आणि २०२५ मधील स्पेन व इटलीतील ‘रीबूट’ (८,५०५ रुग्ण) या चाचण्यांत, हृदयाची आकुंचनक्षमता चांगली राहिलेल्यांना त्याचा लाभ आढळला नाही. त्याच वर्षी नॉर्वे व डेन्मार्कमधील अभ्यासात थोडा लाभ दिसला. ही चर्चा तज्ज्ञांमध्ये चालू आहे. रुग्णाने स्वतःहून गोळी बंद करणे हा तिचा अर्थ नव्हे. असे औषध एकाएकी थांबवल्यास त्रास उसळू शकतो. स्टेंट बसवलेल्यांनी तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या ठरलेली मुदत पूर्ण होईपर्यंत सोडू नयेत. स्टेंटमध्येच गुठळी जमण्याचा धोका जीवघेणा असतो.

भारतात जीव जातो तो वाटेत

हे सारे संशोधन भारतीय रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचते का? २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ नोंदवहीने याचे कटू उत्तर दिले. पन्नास शहरांतील ८९ केंद्रांतील २०,४६८ रुग्णांच्या या अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठण्यास लागलेला मध्यम वेळ होता ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास. ‘जिसी’मध्ये ज्या सीमेनंतर औषधाचा लाभ दिसेनासा झाला होता, नेमकी तीच सीमा. रुग्णालयात आल्यावर इंजेक्शन सुरू होण्यास लागले सुमारे पन्नास मिनिटे. विलंब रुग्णालयात कमी आणि घरी व वाटेत अधिक होता. तीस दिवसांतील मृत्यू श्रीमंतांत ५.५ टक्के आणि गरिबांत ८.२ टक्के होते. आजार तोच होता. उपचार मिळण्यात तफावत होती.

ही दरी भरून निघू शकते, हे तमिळनाडूतील प्रयोगाने दाखवले. छोटी रुग्णालये एका मोठ्या केंद्राशी जोडून, तिथेच इंजेक्शन देऊन मग रुग्णाला अँजिओग्राफीसाठी हलवण्याची व्यवस्था २,४२० रुग्णांमध्ये तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरातील मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

याच धर्तीवर गोव्यात २०१८ च्या अखेरीस ‘स्टेमी गोवा’ हा शासकीय उपक्रम सुरू झाला. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे त्याचे केंद्र. परिघावरील आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत काढलेला ईसीजी तत्काळ तज्ज्ञांकडे जातो आणि गरज असल्यास तिथेच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते. काणकोण, सांगे किंवा सत्तरीच्या आतल्या गावातील माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे : छातीत दुखू लागताच खासगी गाडीने थेट बांबोळीची वाट धरण्याऐवजी १०८ ला फोन करावा किंवा ईसीजीची सोय असलेले सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. लांबच्या प्रवासात हृदयाचा ठोका बिघडला तर घरच्या गाडीत त्यावर इलाज करणारे कोणी नसते.

लक्षणे ओळखण्यात होणारी चूक हा विलंबाचा पहिला टप्पा असतो. छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ ही सर्वपरिचित लक्षणे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता केवळ दम लागणे, अतीव थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता एवढेच जाणवू शकते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन पहाटेची वाट पाहणे हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. नव्याने उद्भवलेली अशी अस्वस्थता दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, तर तो गॅस नव्हे असे गृहीत धरणेच सुरक्षित.

खर्चाच्या बाजूनेही एक मोठा बदल झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली : साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये. पुढे या दरांत वेळोवेळी फेरबदल झाले. तथापि, स्टेंट स्वस्त झाला म्हणून तो आवश्यक ठरत नाही.

डॉक्टरांना विचारावेत असे प्रश्न

झटका चालू असताना प्रश्न विचारत बसू नये. डॉक्टर सांगतील ते लगेच होऊ द्यावे. मात्र रुग्ण स्थिर असेल आणि हाती अँजिओग्राफीचा अहवाल असेल, तर पुढील प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

* हा झटका आहे, अस्थिर हृदयशूल आहे की स्थिर आजार?
* डाव्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा आहे का? हृदयाची आकुंचनक्षमता किती आहे?
* स्टेंटने आयुष्य वाढेल, की केवळ वेदना कमी होईल?
* पूर्ण मात्रेत औषधे देऊन काही आठवडे वाट पाहता येईल का?
* माझ्या बाबतीत बायपास अधिक योग्य आहे का?
* स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे किती काळ घ्यावी लागतील?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. विश्रांती घेतानाही दुखू लागणे, दुखण्याची वारंवारता अचानक वाढणे किंवा कमी श्रमातही ते उद्भवणे, ही आजार स्थिर न राहिल्याची खूण होय. अशा वेळी वरील सबुरीचा सल्ला लागू होत नाही. तडक रुग्णालय गाठावे.

चार दशकांच्या चाचण्यांनी हृदयरोगावरील उपचारांना कमी लेखले नाही. प्रत्येक उपचाराची जागा तेवढी दाखवून दिली. बंद पडलेली रक्तवाहिनी मिनिटांत उघडायला हवी. अरुंद झालेली रक्तवाहिनी आधी नीट समजून घ्यायला हवी. दोन्ही प्रसंगांत रोजच्या गोळ्या, तंबाखूपासून दुरावा आणि नियमित चालणे यांना पर्याय नाही. अहवालातील टक्केवारीपेक्षा रुग्ण या दोहोंपैकी कोणत्या प्रसंगात आहे, हे जाणणे अधिक महत्त्वाचे. ते कळले की कुठे घाई करावी आणि कुठे सबुरी धरावी, याचे उत्तर बव्हंशी मिळालेले असते.